हरिदासने न प्यायलेली दारू

फजल मुकादमने आयुष्यभर दुसऱ्यांचा माल कस्टममधून सोडवला. फ्रिज सोडवले, फरशा सोडवल्या, एकदा तर कुणा शेखाचे ससाणे पिंजऱ्यासकट सोडवले, आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतःच अडकून बसला. अडकला तो कंपनीच्या मंदूबच्या टेबलापुढे. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालायला कंपनीने ठेवलेला माणूस. ह्यांच्या मंदूबचं नाव जियाद, आणि वाईट बातमी देण्याआधी चहा मागवायची त्याला सवय होती. त्या दिवशी त्याने चहाबरोबर बिस्किटंही मागवली, तेव्हाच फजलने ओळखलं की काहीतरी शिजलंय.

"फजलभाई, कंप्यूटर में है," जियाद म्हणाला. "दारू और गाडी. मुऐदर का राउंडअबाउट."

कंपनीने दोह्यापासून लांब, अल रुवैसच्या बंदरावर नवी शाखा काढली होती आणि तिथला मॅनेजर म्हणून फजलचं नाव ठरलं होतं. स्वतःची केबिन, कंपनीची गाडी, खिडकीतून समुद्र. फजलची बायको सुरय्या हिची ही बातमी रत्नागिरीपर्यंत पोचवून, तिथून उलट मुबारकबादही मिळवून झाली होती. पण बंदराच्या गेटातून आत जायला पास लागतो, पासाला पोलिसांचा कोरा दाखला लागतो, आणि फजलच्या दाखल्यावर एक ओळ होती. ती ओळ लिहिली गेली तेव्हाच्या जुन्या कफीलने, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाने, रदबदली करून त्याला देशाबाहेर जाण्यापासून वाचवलं होतं आणि कुणापाशी ब्र काढला नव्हता. तो भला माणूस आता अल्लाला प्यारा झाला. कंपनी त्याचा मुलगा बघतो. तो लंडनला शिकून आलेला, त्याचा माणसांवर राग नाही, पण विश्वास फक्त कंप्यूटरवर. महिनाअखेर कोरा दाखला दाखवा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो, असं त्याने अगदी हसतमुखाने सांगितलं होतं.

"उपाय आहे," जियादने बिस्किट बुडवत सांगितलं. शिक्षा भोगून झाली, त्यावर बरीच वर्षं गेली, मधे काही भानगड नाही. अशा माणसाला अर्ज करता येतो. अरबीत त्या अर्जाचं नाव मोठं भारदस्त आहे, अर्थ एवढाच की गेलेली अब्रू परत द्या. मंजूर झाला की ती ओळ दाखल्यावरून जाते. फक्त सरकारी कचेरीतल्या साहेबापुढे दोन माणसं उभी करायची, एक कामावरचं आणि एक आपल्या लोकांतलं. ह्याने तेव्हा काय केलं ते आम्हाला ठाऊक आहे आणि तेव्हापासून हा सरळ वागतोय, असं त्यांनी सांगायचं.

"ठाऊक असायलाच पाहिजे का?" फजलने विचारलं.

"ठाऊक नसेल तर साक्ष कशाची देणार?"

फजलने बिस्किट तसंच बशीत ठेवलं. पंचाईत अशी होती की त्याने काय केलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट, सगळ्यांना भलतंच ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी माल वेळेत सुटला म्हणून एका चिनी कंपनीने हॉटेलात मेजवानी दिली होती. फजल पाच वेळचा नमाजी. पण त्या अंधाऱ्या हॉलात आपल्या ग्लासात काय आहे ते अल्लाला दिसतंय, गावच्या जमातीला दिसत नाही, आणि दोघांत अल्ला जास्त दयाळू आहे, असा काहीतरी हिशेब त्याने केला असावा. एक घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला तो चिनी साहेबाला कोकणातल्या माशांची नावं शिकवू लागला. परत येताना मुऐदरच्या राउंडअबाउटवर गाडी वळायची ती सरळ गेली आणि मधल्या खजुराच्या झाडाला जाऊन टेकली. झाडाला काही झालं नाही. फजलला कोठडी झाली, दंड झाला आणि लायसन्स गेलं.

सुटून घरी आला तेव्हा सुरय्या दारातच उभी होती. वाटेत त्याने कबुलीची वाक्यं जुळवून ठेवली होती. ती बोलायची वेळच आली नाही, कारण सुरय्यानेच विचारलं,

"गाडीत कोण होता पिलेला?"

बुडत्याला काडीचा आधार. ह्याला तर बायकोने आख्खा ओंडका टाकला. फजलच्या तोंडातून निघालं, "हरिदास."

हरिदासच का? एक तर तो ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायचा, म्हणून नाव जिभेवर होतं. आणि दुसरं कारण फजलने स्वतःशीसुद्धा कधी मोठ्याने उच्चारलं नाही. हरिदास कराडकडचा हिंदू होता, आणि हिंदू पितात ही गोष्ट फजलच्या गावची माणसं राहत त्या मुऐदरच्या व्हिलांमध्ये पुराव्याविना मान्य होती. प्रत्यक्षात हरिदासला पित्ताचा इतका त्रास होता की त्याला ऑफिसातला काळा चहासुद्धा सोसत नसे. तो घरून बाटलीत ताक घेऊन येई.

एकदा नाव घेतल्यावर पुढचं जुळवणं आलंच. हरिदास चालवत होता, तर्र होता, पोलिसांची गाडी दिसताच रडायला लागला, बायकोमुलीची शपथ घातली; मग फजल काय करणार, तो सरकून त्याच्या जागी बसला. पोलिसांच्या नळीत फुंकर कुणी मारली, हा प्रश्न सुरय्याने त्या दिवशी विचारला नाही आणि पुढे कुणालाही सुचला नाही. गोष्ट चांगली असली की लोक तिचे दात मोजायला जात नाहीत.

सुरय्याने ती फक्त मुनीराला सांगितली. मुनीरा ही शहजादची बायको, आणि शहजाद हा गावच्या जमातीच्या दोहा शाखेचा सेक्रेटरी. शुक्रवारच्या नमाजाला फजल गेला तर लोकांनी सरकून त्याला पुढच्या रांगेत जागा केली. एका गैरकौमी माणसाच्या लेकरासाठी कोठडी भोगली, असं कानोकानी झालं. जमातीच्या वार्षिक जलशात त्याचा सत्कार झाला. शहजादने भाषणात हा किस्सा असा रंगवला की फजललाही पुढे काय झालं ह्याची उत्सुकता लागली. तो मान खाली घालून बसला होता, ते विनयाचं लक्षण ठरलं.

आणि हरिदास? फजलने त्याला सांगितलं होतं की साखर वाढली, डॉक्टरने गाडी बंद केली. झालं, हरिदास रोज ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आपल्या घरून उलट्या दिशेने मुऐदरला यायचा, फजलला ऑफिसला न्यायचा आणि संध्याकाळी घरी सोडायचा. लायसन्स परत मिळेपर्यंत त्याने हे केलं. व्हिलांच्या खिडक्यांतून बायका ते बघत आणि म्हणत, "येवढी तरी शरम हाय त्याला." रमजानात फजल त्याला इफ्तारला बोलवी. तिथे म्हातारी माणसं त्याला आग्रह करकरून सरबत पाजत आणि हळूच विचारत, "आता बरा हाय ना?" आपल्या पित्ताची चौकशी चाललीय असं समजून हरिदास सांगे, "अधनंमधनं होतोय त्रास, पण आटोक्यात हाय." म्हातारे माना डोलवत आणि त्याच्यासाठी दुआ करत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण त्या संन्याशाला निदान आपण सुळावर आहोत एवढं तरी कळतं. हरिदासला तेही कळलेलं नव्हतं.

तर आता दोन साक्षीदार हवे होते. कामावरचा म्हणजे इतक्या जुन्या ओळखीचा एकटा हरिदास, आणि आपल्या लोकांतला म्हणजे शहजाद. फजलने घरी जाऊन सुरय्याला एवढंच सांगितलं की जुनी केस वर आलीय आणि पास अडकलाय.

"त्याच्या पापाचा भोग तुमी कधीपर्यंत भोगनार?" सुरय्या म्हणाली.

"जाऊ दे गो. मी बघतंय काय ते."

हे ऐकून सुरय्याचा ऊर भरून आला. आणि तिचा ऊर भरून आला की ती मुनीराला फोन करत असे.

दोन-तीन दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, हरिदासचा फोन आला. "फजलभाई, तुमच्या गावची माणसं घरी आल्यात. खजूर आणलाय डबाभर. ते काय म्हणत्यात मला काय बी कळंना. तुम्ही जरा येता का?"

ओल्ड एअरपोर्टला पोचेपर्यंत फजलने वाटेत जितके सिग्नल लागले तितक्यांना मनातल्या मनात लाल राहायची विनंती केली. एकानेही ऐकलं नाही. हरिदासच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. सोफ्यावर शहजाद आणि जमातीतले दोन बुजुर्ग बसले होते, टीपॉयवर खजुराचा डबा होता, आणि स्वयंपाकघराच्या दारात हरिदासची बायको संजीवनी चहाचा ट्रे हातात धरून उभी होती. तो खाली ठेवायचं ती विसरून गेली होती.

"हरिदासभाई, आमी भांडायला नाय आलो," शहजाद सांगत होता. त्याचा आवाज जलशातला होता. "माणसाकडून चूक होते. तुमी पिलेले होतात, गाडी ठोकलीत, फजलभायनी अंगावर घेतला. येवढी वर्सं ते कोणाला काय बोलले? आता त्यांच्या रोजीचा सवाल हाय. तुमी फक्त पोलिसात जाऊन सांगा, की मी होतो. वकील आमी देऊ. आणि समजा तुमाला देशाला पाठवलाच, तर पोरीच्या शाळेचा जमात बघेल."

"अवो पण मी पीतच नाही," हरिदास म्हणाला. "मी त्या हॉटेलात गेलोच नव्हतो."

एक बुजुर्ग दुसऱ्याला हळूच म्हणाला, "पिनारा कधी कबूल झालाय?"

तेवढ्यात त्यांना दारातला फजल दिसला आणि सगळे उठून उभे राहिले.

"फजलभाय, तुमी कशाला आयलाव?" शहजाद म्हणाला. "तुमाला बघून तो अजून शरमेल."

इथे फजलने 'मी प्यायलो होतो' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. हरिदास त्याच्याकडे बघत होता, आणि हा आला म्हणजे आता उलगडा होणार अशी त्याची खात्री होती. फजलने घसा साफ केला.

"शहजाद, चल ऊठ," तो म्हणाला. "त्याला त्रास देव नको. मला त्याच्याकडून काय नको."

शहजादचे डोळे पाणावले. "बघा," त्याने बुजुर्गांना सांगितलं, "असा माणूस हाय ह्यो." मग ते तिघे फजलला मिठ्या मारून खाली गेले. खजुराचा डबा मागे राहिला.

संजीवनीने ट्रे ठेवला. "बसा, फजलभाई," ती म्हणाली. त्या आवाजात बसण्यावाचून इलाज नव्हता.

फजलने सांगितलं. चिनी साहेबापासून खजुराच्या झाडापर्यंत आणि सुरय्याच्या प्रश्नापासून जलशापर्यंत, सगळं. सहा वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. त्याला हलकं वाटतंय हे संजीवनीच्या लक्षात आलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"म्हणून खालच्या मजल्यावरच्या, तुमच्या जमातीतल्या त्या इनायाच्या आईनं तिला आमच्या गाडीतनं शाळेत पाठवायचं बंद केलं," ती म्हणाली. "तिची नि आमची, दोघी पोरी एका बाकावर बसणाऱ्या. मला वाटलं, आमच्या गाडीचा एसी चालत नाही म्हणून असेल. आम्ही एसी दुरुस्त करून घेतला, फजलभाई. तरी तिनं पाठवलं नाही. मग मी म्हटलं, शिष्ट असतील."

हरिदासने टीपॉयवरचा खजुराचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तुमच्या इफ्तारला लोक मला विचारायचे, आता बरा हाय ना. मी घरी येऊन हिला सांगायचो, काय माणसं आहेत, कोण कुठला मी, पण माझ्या पोटाची काळजी करत्यात."

फजलला लाज वाटली. अगदी खरी, मान वर होईना अशी. आणि ती वाटत असतानाच, कारण महिनाअखेर जवळ आली होती, त्याने हरिदासला विचारलं की साक्षीला येशील का.

संजीवनी काहीतरी बोलणार होती, पण हरिदासने हात वर केला.

"येतो," तो म्हणाला. "पण फुकट नाही. तुमचं सरकारातलं नाव मी साफ करतो. माझं तुमच्या माणसांतलं नाव तुम्ही साफ करायचं. एकेकाच्या कानात नाही. सगळ्यांच्या समोर, उभं राहून."

"इन्शाल्ला," फजल म्हणाला.

"इन्शाल्ला नको," संजीवनी म्हणाली. "हो म्हणा."

"हो," फजल म्हणाला.

शहजादला तयार करणं सोपं गेलं. हरिदासला अडकवण्यापेक्षा मीच माफी मागून मोकळा होतो, असं फजलने म्हणायचा अवकाश, शहजादने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. खरं सांगायला तोंड उघडावं आणि बाहेर थोरपणच पडावं, असं फजलचं झालं होतं. साहेबापुढे जुनी फाइल वाचून दाखवतात हे जियादने सांगितलं होतं, पण शहजादला आधीच सांगून ठेवायचा धीर काही त्याला झाला नाही.

कचेरीतला साहेब तरुण होता, सभ्य होता, आणि त्याने तिघांना आधी पाणी विचारलं. शेजारी हैदराबादचा एक दुभाषा बसला होता. त्याने जुनी फाइल उघडून साक्षीदारांसाठी हिंदीत वाचायला सुरुवात केली. आरोपी गाडीत एकटा होता. गाडी झाडाला लागल्यावर तो तिथेच झोपून गेला. नळीत फुंकर मारायला लावली तेव्हा यंत्राने भरपूर दारू दाखवली. नाव विचारलं असता त्याने पोलिसांना काही माशांची नावं सांगितली.

शहजादचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं. त्याने फजलकडे पाहिलं, हरिदासकडे पाहिलं, आणि मग छताकडे पाहत राहिला.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?" साहेबाने विचारलं.

शहजाद पंधरा वर्षं सेक्रेटरी होता. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही असं म्हणण्याची त्याला सवयच राहिली नव्हती. "येस सर," तो म्हणाला. "ऑल नोन, सर."

मग साहेब हरिदासकडे वळला. हा माणूस आता पितो का? हरिदासने सांगितलं की एका खोलीत बसतो, इतक्या वर्षांत वाससुद्धा आला नाही. माणूस सच्चा आहे का? हरिदास थांबला. फजलच्या डोळ्यांसमोर अल रुवैसची केबिन समुद्रासकट बुडू लागली.

"साहेब, दारूचं विचाराल तर आता पीत नाहीत," हरिदास हिंदीत म्हणाला.

दुभाष्याने त्याचं अरबी केलं. त्यात काय राहिलं आणि काय गळलं कोण जाणे, पण साहेबाने मान हलवून सही केली.

परत येताना तिघे हरिदासच्याच गाडीत होते. मुऐदर दिसू लागलं तशी शहजादने आपल्या बाजूची काच वर घेतली. मग म्हणाला, "झाला ते झाला. खलास. ही गोष्ट ह्या गाडीबाहेर जाव नको."

"मी सांगनार हाय," फजल म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"कोणाला सांगनार? सत्कार जमातीने केलाय. भाषण मी केलाय. गावच्या मदरशात पोरांना तुमची गोष्ट सांगतात, फजलभाय. आता खोटी होती म्हणून सांगितला तर हसं कोणाचं होईल? तुमचं एकट्याचं?"

"आणि ह्याचा काय?" फजलने गाडी चालवणाऱ्या हरिदासकडे बोट केलं.

शहजादने मागच्या सीटवरून हरिदासच्या खांद्यावर हात ठेवला. "हरिदासभाई समजून घेतील," तो म्हणाला. "त्यांना काय फरक पडतो? त्यांच्यात चालते."

हरिदासने आरशातून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी पुढे नेली.

दाखला आला. कोरा, स्वच्छ, वर शिक्का. कफीलच्या मुलाने तो पाहिला, कंप्यूटर पाहिला, आणि फजलशी हात मिळवला. ज्या माणसाने दारू पिऊन गाडी ठोकली होती त्याने ती कधीच ठोकली नव्हती असं सरकारने लिहून दिलं. सरकारची कामं उगीच लोक बदनाम करतात. दोन सह्यांत झालं.

त्यानंतरच्या शुक्रवारी शहजादच्या व्हिलाच्या अंगणात फजलला निरोप द्यायला जमात जमली. सतरंज्या घातल्या होत्या, वडे होते, मटण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. हरिदास आणि संजीवनी आलेच पाहिजेत असा फजलने हट्ट धरला होता. ते आले आणि कडेला खुर्च्यांवर बसले. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या बराच वेळ रिकाम्या राहिल्या. फजलने ते पाहिलं. आज बोलायचंच असं त्याने पक्कं ठरवलं होतं, ह्याबद्दल त्याला श्रेय दिलं पाहिजे. रात्रभर त्याला झोप नव्हती.

जेवण वाढण्याआधी तो उभा राहिला.

"मला एक सांगायचा हाय," तो म्हणाला. "तेव्हा मी पिलेलो. गाडीत मी एकटा होतो. हरिदास नव्हता. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाय. मी खोटा बोललो, घरात बोललो, तुमच्याशी बोललो. येवढी वर्सं तुमी त्याला नाव ठेवलाव ते माझ्यामुळे."

बोलून झालं. आवाज कापला, पण एक शब्द गाळला नाही. सुरय्याच्या हातातला पाण्याचा जग तसाच राहिला. बायकांच्या बाजूला इनायाच्या आईने मान वळवून संजीवनीकडे पाहिलं. संजीवनीने डोळे मिटून घेतले. हरिदासने खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. क्षणभर वाटलं, की झालं.

मग शहजाद उठला. त्याने आधी चष्मा काढला, डोळे टिपले, आणि चष्मा परत घातला.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "आता ह्यांना कसली गरज होती? दाखला कोरा झाला. बंदर मिळाला. साक्षीला मी स्वतः गेलेलो, फाइल माझ्या कानांनी ऐकलीय, मला विचारा खरा काय ते. पण समोर तो मानूस बायकोला घेऊन बसलाय. बायकोसमोर त्याची मान खाली जाव नये म्हणून फजलभाय परत सगळा आपल्या अंगावर घेतात."

कुणीतरी "सुभानल्ला" म्हणालं. मग दुसऱ्याने म्हटलं. एक बुजुर्ग हुंदका देऊन रडू लागला. "नाय, नाय, ऐका," फजल म्हणत होता, पण तोपर्यंत त्याला मिठ्या पडू लागल्या होत्या, आणि मिठीत माणसाचं तोंड दुसऱ्याच्या खांद्यावर दाबलं जातं. एक सुटली की दुसरी. अत्तराचा वास, ओल्या दाढ्या, पाठीवर थापा. इनायाच्या आईने मान परत आपल्या जागी नेली. सुरय्याने मात्र सुभानल्ला म्हटलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा खोटं बोलतो तेव्हा आवाज कसा गुळगुळीत लागतो हे ती ओळखून होती, आणि आज तो तसा लागला नव्हता. ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिने जग खाली ठेवला, कंपनीने अल रुवैसला दिलेल्या घराच्या किल्ल्या ओढणीच्या गाठीत चाचपल्या, आणि मटण वाढायला घेतलं.

रडलेला बुजुर्ग हरिदासपाशी गेला. "ऐकलास ना?" तो प्रेमाने म्हणाला. "असा दोस्त नशिबाने मिळतो. आता तरी सोड."

हरिदास उठून उभा राहिला. संजीवनीने आधीच पर्स खांद्याला लावली होती. पण तो दाराकडे न जाता अंगणाच्या मध्यभागी आला, आणि साध्या आवाजात, ऑफिसात एखादी फाइल मागावी तसं म्हणाला,

"फजलभाई, परत एकदा सांगा."

वाढणाऱ्यांचे हात थांबले. सगळ्यांनी आधी हरिदासकडे आणि मग फजलकडे पाहिलं. आता मिठी नव्हती, गलका नव्हता, कुणी तोंड दाबून धरलेलं नव्हतं. त्याचं खरं ऐकून घेईल अशी शांतता त्याला पुन्हा एकदा मिळाली होती, आणि ही कुणी मोडणार नव्हतं. शहजादने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तोही नुसता ठेवला होता. फजलने समोर बसलेल्या लोकांचे चेहरे पाहिले. कोठडीतून सुटून आल्यापासून कुणी त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नव्हतं, आणि आज तर ते त्याच्याकडे अशा डोळ्यांनी बघत होते की तसं आपल्याकडे कधी कुणी बघेल हे त्याला स्वप्नातही वाटलं नसतं.

तो हरिदासजवळ गेला. त्याचा हात धरून त्याला सतरंजीपर्यंत आणलं, आपल्या शेजारची जागा झटकली.

"हरिदास, आधी जेवून घे," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज इतका मायेचा झाला की त्याला स्वतःलाच वाटलं, आपण ह्याला खरोखर माफ करून टाकलंय.